मानसिक उपचारांची तक्रार: विमा लोकपालांकडे की पुनरावलोकन मंडळाकडे?

घरातलं माणूस मानसिक आजारासाठी दाखल झालं की तक्रारी बहुधा जोडीनेच येतात. एकीकडे विमा कंपनीचं नकाराचं पत्र. दुसरीकडे भेटायला गेल्यावर दिसतं, की अंगावर स्वतःचे कपडे नाहीत, डोक्याचे केस सक्तीने कापलेत. संतापाच्या भरात आपण दोन्ही एकाच अर्जात लिहून विमा लोकपालांकडे पाठवतो. त्यातल्या केसांबद्दल लोकपाल काहीही करू शकत नाहीत.

ते फक्त पैशाचं बघतात, पण ते चांगलं बघतात. मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा मिळाला पाहिजे, असं २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. म्हणून 'मानसिक आजार वगळला आहे' एवढंच कारण पत्रात असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर वर्षाच्या आत लोकपालांकडे जा. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. मात्र त्याच दाव्यासाठी आधीच ग्राहक आयोगात गेला असाल, तर लोकपाल तक्रार घेत नाहीत.

माणसाला कसं वागवलं, याची दाद मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे मागायची. सक्तीचं मुंडण करायचं नाही, हे याच कायद्यात स्पष्ट लिहिलंय. सेवेतल्या त्रुटींची तक्रार आधी रुग्णालयाच्या प्रमुख डॉक्टरांकडे आणि तिथे समाधान झालं नाही तर मंडळाकडे. इथेही फी नाही. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की रुग्ण स्वतः अर्ज करू शकतो. शिवाय मंडळाच्या सहा जणांत न्यायाधीश आणि डॉक्टरांबरोबर दोन जागा आजाराचा अनुभव असलेल्यांसाठी, त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी किंवा त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थांसाठी आहेत. मंडळाचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं. विम्याचे पैसे मात्र मंडळ मिळवून देणार नाही.

दोन्ही तक्रारी असतील तर अर्ज वेगवेगळे करा. माणूस अजून आत असेल आणि त्याच्या मनाविरुद्ध दाखल केलेलं असेल, तर मंडळाचा अर्ज आजच द्या. पहिल्या महिन्यात असं दाखल करण्याला आव्हान दिलं की मंडळाने सात दिवसांत निर्णय द्यायचा असतो. इतर बहुतेक अर्जांना ९० दिवस. विम्याच्या कागदांना वर्षभर मुदत आहे.