बॉस्टनचे न्यू इंग्लंड किचन : स्वच्छतेला पैकीच्या पैकी, चवीला जेमतेम पास

एलन स्वॅलो रिचर्ड्स यांचे नाव निघाले की मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची पहिली विद्यार्थिनी आणि अमेरिकेतील गृहविज्ञान-शिक्षणाच्या अध्वर्यू, एवढे दोन उल्लेख ठरलेले असतात. या बाईंनी एक खाणावळही काढली होती, हे मात्र सहसा मागे पडते. जानेवारी १८९० मध्ये बॉस्टनच्या प्लेझंट स्ट्रीटवर उघडलेल्या त्या न्यू इंग्लंड किचनचे हे परीक्षण आहे. तिथे आज जाऊन जेवणे शक्य नसले, तरी जागा, स्वच्छता, पदार्थ, चव आणि गिऱ्हाईक पुन्हा फिरकले की नाही, हे खाणावळ जोखण्याचे नेहमीचे निकष तिला लावून पाहायला हरकत नाही.

आधी चालकांविषयी. रिचर्ड्सबाईंचा जन्म १८४२ चा. व्हॅसर कॉलेजातून पदवी घेऊन त्या १८७० च्या अखेरीस मॅसॅच्युसेट्सच्या संस्थेत रसायनशास्त्र शिकायला दाखल झाल्या. त्यांच्याकडून फी घेतली गेली नाही. ही आपल्या बेताच्या परिस्थितीमुळे मिळालेली सवलत आहे, असे त्यांना वाटत राहिले; प्रत्यक्षात कोणी हरकत घेतलीच, तर ‘या आमच्या विद्यार्थिनी नव्हेत’ असे म्हणण्याची सोय संस्थेने करून ठेवली होती. १८७३ मध्ये त्यांनी तिथली पदवी मिळवली, १८७६ पासून स्त्रियांसाठीची प्रयोगशाळा चालवली आणि १८८४ पासून १९११ मध्ये निधन होईपर्यंत त्याच संस्थेत स्वच्छता-रसायन शिकवले. राज्यभरातील पाण्याचे हजारो नमुने तपासणाऱ्या आणि किराणा मालातील भेसळ हुडकून काढणाऱ्या या बाईंनी स्वयंपाकघर चालवायला घेतले, तेव्हा ते प्रयोगशाळेसारखेच चालणार, हे उघड होते.

प्रत्यक्ष चुलीशी मेरी हिनमन एबल होत्या. थोड्या खर्चात पौष्टिक आहार कसा द्यावा, या विषयावरील त्यांच्या निबंधाला अमेरिकन पब्लिक हेल्थ असोसिएशनतर्फे पाचशे डॉलरचे लोम्ब पारितोषिक मिळाले होते. भांडवल पॉलिन अगासी शॉ या धनिक बाईंनी पुरवले. पैसा, विद्या आणि हाताखाली प्रयोगशाळा असा त्रिवेणी योग किती खाणावळींच्या नशिबी असतो?

व्यवस्था वाखाणण्याजोगी होती. स्वयंपाक गिऱ्हाइकांच्या डोळ्यांदेखत चाले. स्वच्छता कशी राखतात आणि भांड्यात काय पडते, हे कोणीही पाहावे, अशी मुळातच योजना होती. बसून खाण्यापेक्षा अन्न घरी नेण्यावर भर होता. गोमांसाचा रस्सा रोज तंतोतंत त्याच चवीचा आणि त्याच कसाचा उतरावा, म्हणून त्याची कृती पुन्हापुन्हा करून, तपासून पक्की केलेली होती. शिजवण्यासाठी एडवर्ड ॲटकिन्सन या बॉस्टनच्या उद्योजकाने काढलेली ‘अल्लादीन’ भट्टी वापरत. उष्णता बाहेर जाऊ न देणारी ही पेटी खाली ठेवलेल्या रॉकेलच्या दिव्यावर तापे आणि आतला पदार्थ कित्येक तास मंद शिजत राही. मांसाचा स्वस्त, चिवट तुकडाही तीत मऊ होई आणि जळणाचा खर्च अगदी थोडा येई. कष्टकरी घराला हवी ती काटकसर या भट्टीत होती. फक्त कारखान्यातून उशिरा परतलेल्या माणसाची भूक इतका वेळ थांबत नाही, हे तिच्या हिशेबात नव्हते.

आता पदार्थ : गोमांसाचा रस्सा, वाटाण्याचे सूप, मक्याची लापशी, बॉस्टन पद्धतीचे भाजलेले घेवडे आणि ‘इंडियन पुडिंग’. या शेवटच्या पदार्थाचा आपल्या देशाशी काडीचाही संबंध नाही. मक्याचे पीठ दुधात शिजवून, उसाच्या मळीचा पाक घालून ते मंद आचेवर भाजतात. मळीऐवजी काकवी वापरून मी ते घरी करून पाहिले. पहिला घास बरा लागतो, दुसऱ्या घासाला काकवीचा उग्रपणा टाळ्याला चिकटतो आणि मधूनमधून मक्याची रवाळ कणी दाताखाली येते. चिमूटभर सुंठेने ते पुष्कळ सुधारते. पोट मात्र असे गच्च भरते की रात्री पुन्हा जेवायचे नाव निघत नाही. पोषणाच्या बाजूने तक्रारीला जागा नाही. पण हे रोज दाम मोजून आणावे, असे मला वाटले नसते.

बॉस्टनच्या गरिबांनाही ते वाटले नाही. ज्यांच्यासाठी हा खटाटोप होता, ते बहुतेक परदेशातून आलेले मजूर होते. त्यांच्या जिभेची सवय निराळी आणि समोर येई ते अस्सल न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या, जुन्या घरांतले जेवण. शिकागोत समाजसेविका जेन ॲडम्स यांच्या हल हाउस या गरीब वस्तीतील सेवाकेंद्रानेही याच धर्तीचे स्वयंपाकघर उघडले. तिथे एका बाईने अन्न पौष्टिक असल्याचे मान्य करून, आपल्याला मात्र जे आवडते तेच खायला आवडते, असे तोंडावर सांगितले. खाणावळीच्या वहीत इतका नेमका अभिप्राय क्वचितच मिळतो. प्लेझंट स्ट्रीटवरचा रस्सा खपला तो आजाऱ्यांसाठी, कारण डॉक्टर तो घ्यायला सांगत. माझ्या मते या स्वयंपाकघराचे मर्म इथेच आहे : गिऱ्हाइकाला निवडीला वाव नव्हता तिथे ते उत्तम चालले आणि निवडीला वाव होता तिथे पडले. प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि कर्बोदके यांचे रकाने आखणाऱ्या बाईंनी आवडीचा रकाना आखलाच नाही.

प्रदर्शनात मात्र हीच पद्धत शोभून दिसली. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात, मॅसॅच्युसेट्स राज्याच्या वतीने, रिचर्ड्सबाईंनी ‘रम्फर्ड किचन’ मांडले. तीस सेंटांत जेवण मिळे आणि मेन्यूकार्डावर पदार्थांतील पोषणमूल्ये छापलेली असत. मोठ्या साखळी-उपाहारगृहांनी मेन्यूवर कॅलरी लिहाव्यात, हा नियम आपल्याकडे अलीकडे आला. त्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधीच ही सेवा दिलेल्या चालकांना याचे पूर्ण श्रेय द्यायला हवे. तिथे येणारा माणूस कुतूहलापोटी एकदाच जेवून जाई, त्यामुळे दुसऱ्या दिवशी तो परत येईल का, हा प्रश्नच उद्भवत नसे.

किचनला खरा आधार १८९४ मध्ये मिळाला, तो बॉस्टनच्या माध्यमिक शाळांतील दुपारच्या जेवणाचे काम हाती आल्यामुळे. तोपर्यंत शाळांचे रखवालदार मुलांना खाद्यपदार्थ विकत. तो धंदा बुडाल्याने ते चिडले, यात नवल नाही. रिचर्ड्सबाईंची पुढची वाटचालही खाणावळीपेक्षा शाळेच्या दिशेने झाली. १८९९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील लेक प्लॅसिड येथे त्यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या छोट्या परिषदेत गृहविज्ञानाच्या या विषयाला ‘होम इकॉनॉमिक्स’ हे नाव ठरले. १९०८ मध्ये अमेरिकन होम इकॉनॉमिक्स असोसिएशन स्थापन झाली, तेव्हा पहिल्या अध्यक्षा त्याच होत्या. पुढच्या वर्षी संघटनेचे नियतकालिक सुरू झाले आणि त्याचे संपादन मेरी एबल यांच्याकडे आले. स्वच्छता, पारदर्शकता आणि सातत्य या तिन्हींत न्यू इंग्लंड किचनला मी पैकीच्या पैकी गुण देतो, दरातही फारसे कापत नाही. चवीला मात्र पाचापैकी दोन, आणि तेही सुंठ घातली तर.