गूगल कीपमधून ऑब्सिडियन: केळीबागेच्या नोंदी हलवल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते, मग कारणं. तुम्ही मराठीत लिहिता आणि दोन-तीन वर्षांपूर्वीच्या नोंदी पुन्हापुन्हा उघडून ताडून पाहता, तर कीपमधून ऑब्सिडियनमध्ये जरूर जा (दोन्ही नोंदी लिहिण्याची अ‍ॅप आहेत). फोनवर फक्त किराण्याची यादी आणि मजुरीचा हिशोब ठेवत असाल, तर कीपच बरं आहे, हलू नका. मी मृगबागेच्या लागवडीआधी सगळ्या नोंदी हलवल्या. आता थंडी सरत आली आहे, मधे एका बागेची लागवड झाली, दुसरीची कापणी झाली, म्हणजे अ‍ॅप कामाला लावून पाहिलं आहे.

आमची शेती रावेर तालुक्यात, केळीची. ग्रँड नैनची टिश्यू कल्चर रोपं. मृगबाग जून-जुलैत लागते, कांदेबाग पावसाळा संपता संपता, आणि पीक वर्षभराचं असल्यामुळे कायम दोन-तीन बागा वेगवेगळ्या वयाच्या उभ्या असतात. ड्रीपमधून कुठल्या बागेला कधी काय सोडलं, करपा पहिल्यांदा कुठे दिसला, निसवण (घड बाहेर पडणं) कधी सुरू झाली, घड किती किलोचा भरला, कापणीच्या दिवशी रावेरला काय भाव होता आणि बऱ्हाणपूरला काय, हे सगळं मी कीपमध्ये लिहीत आले. माझे सासरे, नाना, हेच वहीत लिहायचे. एका बागेला एक वही.

कीप हे चिठ्ठ्यांचं अ‍ॅप आहे आणि त्या कामात ते फार चांगलं आहे. पण त्यात फोल्डर नाहीत, लेबलं आहेत. शेतीचे प्रश्न मात्र चिठ्ठीचे नसतात. कांदेबागेची वाढ थंडीत खुंटते आणि निसवण लांबते, तर गेल्या तीन हंगामांत ती कुठल्या लागवडीची किती लांबली? ऑक्टोबरची लागवड दोन आठवडे आधी ओढली असती, तर काय झालं असतं? याचं उत्तर माझ्याच नोंदींमध्ये होतं, पण शेकडो चिठ्ठ्यांत विखुरलेलं. नोंदी हलवण्याचं कारण एवढंच.

ऑब्सिडियन निवडलं ते त्याच्या फाईलींमुळे. हे अ‍ॅप मुक्तस्रोत नाही, पण त्यातली प्रत्येक नोंद तुमच्याच फोल्डरमध्ये मार्कडाउनची साधी मजकूर फाईल म्हणून बसते. मार्कडाउन म्हणजे तारका, आकडे अशा साध्या खुणांनी मजकुराची मांडणी दाखवण्याची पद्धत; ती २००४ पासून आहे, कुठल्याही नोटपॅडमध्ये उघडते. उद्या ऑब्सिडियन बंद पडलं तरी फाईली वाचता येतील. अ‍ॅप फुकट आहे, आणि २०२५ पासून व्यवसायासाठी वापरणाऱ्यांनाही परवान्याचे पैसे भरावे लागत नाहीत.

हलवण्याचं मुख्य काम सोपं आहे. गूगल टेकआउटमध्ये (गूगलकडचा आपला डेटा उतरवून घेण्याची सोय) जाऊन फक्त कीप निवडायचं, झिप उतरवायची. आत प्रत्येक नोंदीची एक एचटीएमएल आणि एक जेसॉन फाईल असते, सोबत फोटो. ऑब्सिडियनचं स्वतःचं इम्पोर्टर नावाचं प्लगइन (अ‍ॅपला जोडायची जादा सोय) ती झिप थेट घेतं. हे लॅपटॉपवर करा, फोनवर नको. लेबलांचे टॅग होतात, पिन केलेल्या आणि संग्रहात टाकलेल्या नोंदींनाही तसे टॅग लागतात. रिमाइंडर येत नाहीत. यादीतल्या आत सरकवलेल्या ओळी एका पातळीवर येतात, कारण गूगलच्या निर्यातीत ती माहितीच नसते. फवारणीच्या याद्या मी तशा लिहीत असल्यामुळे त्या हाताने परत मांडल्या.

खरं काम इथून पुढे आहे, आणि ते मराठी लिहिणाऱ्यांनी नीट वाचावं.

पहिली गोष्ट तारखेची. शेतीच्या नोंदीतून तारीख गेली की नोंदच गेली. आयात केलेल्या फाईलला जुनी तारीख लागते, पण ती फाईलीच्या अंगाला चिकटलेली असते, मजकुरात नसते. फोल्डर दुसऱ्या मशीनवर कॉपी केलं, नोंद उघडून एक ओळ वाढवली, की ती बदलू शकते. म्हणून भाच्याने पायथॉनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहून दिली. जेसॉनमध्ये नोंद तयार झाल्याची वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या मायक्रोसेकंदांत असते. तिला १० लाखांनी भागलं की सेकंद मिळतात, त्यावरून तारीख काढून प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर लिहून टाकायची. इथे एक गोष्ट सांभाळा: ही वेळ जागतिक प्रमाणवेळेत आहे, आपली वेळ साडेपाच तास पुढे. शेतीची वीज रात्रपाळीला असते तेव्हा आमच्या बऱ्याच नोंदी रात्री दोन-तीनला मोटर चालू केल्यावर लिहिलेल्या असतात. साडेपाच तास मिळवले नाहीत, तर त्या सगळ्या आदल्या दिवसात जाऊन पडतात. एका रात्रीचं पाणी वेगळ्या दिवशी दिसलं तर खतांचं अख्खं वेळापत्रक चुकीचं वाचलं जातं.

दुसरी गोष्ट नावांची. ऑब्सिडियनमध्ये शीर्षक म्हणजेच फाईलीचं नाव, आणि फाईलीच्या नावात कोलन किंवा तिरकी रेघ चालत नाही. आमच्या शीर्षकांत विद्राव्य खतांच्या ग्रेड असतात: १९:१९:१९, ०:५२:३४, १३:०:४५. नावातले कोलन गेले की नुसते चिकटलेले आकडे उरतात. मजकुरातले शाबूत राहतात, त्यामुळे माहिती हरवत नाही, पण हलवण्याआधीच शीर्षकांत कोलनऐवजी आडवी रेघ करून घ्या. नावाची लांबीही पाहा. अँड्रॉइडवर फाईलीच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्रा-वेलांटी वेगवेगळी धरून. म्हणजे साधारण ८५ चिन्हं. विंडोज वेगळ्या पद्धतीने मोजतं, म्हणून लॅपटॉपवर बिनतक्रार बसलेली लांब नावाची नोंद फोनवर पोचतच नाही.

तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची, ती शोधाची. ‘दुसऱ्या’, ‘व्यापाऱ्याला’ अशा शब्दांतला अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो. एका कीबोर्डवर तो ऱ या स्वतंत्र अक्षरापासून बनतो, दुसऱ्यावर साध्या र ला हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह लागून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण शोध अक्षरं जशीच्या तशी जुळवतो. माझ्या नोंदी बोलून, टंकून, दोन-तीन फोनवरून लिहिलेल्या, त्यामुळे ‘दुसऱ्या हप्त्या’ची अर्धीच खतं सापडायची. संपूर्ण फोल्डर व्हीएस कोड या मजकूर-संपादकात उघडून एकाच्या जागी दुसरं रूप सगळीकडे घातलं आणि मगच शोधावर भरवसा ठेवला. फोल्डरची एक प्रत बाजूला काढून ठेवा आणि मग हे करा.

मार्कडाउनच्या दोन बारीक सवयी. ओळीच्या सुरुवातीला देवनागरी ‘१.’ लिहिलं तर क्रमांकांची यादी बनत नाही, त्याला इंग्रजी आकडाच लागतो. आणि गुणिले म्हणून तारका वापरू नका. खड्ड्याचं माप ४५*४५*४५ लिहिलं की मधला आकडा तिरका होतो, तारका अदृश्य होतात आणि वाचताना ४५४५४५ दिसतं. तिथे × हे चिन्ह घाला.

एवढं निस्तरल्यावर वापर सुखाचा आहे. प्रत्येक बागेचं एक पान केलं आहे, त्या बागेची प्रत्येक नोंद त्या पानाला जोडलेली. २०२५ मध्ये आलेल्या बेसेस या सोयीने नोंदींच्या डोक्यावरच्या माहितीचा तक्ता बनतो: तारीख, बाग, रोपाचं वय, काय सोडलं, काय दिसलं. डिसेंबरात नाना म्हणाले, “पोरी, मागच्या तीन कांदेबागांची निसवण दाखव बरं एका ठिकाणी.” दाखवली. ते बराच वेळ पाहत बसले आणि म्हणाले, “लवकरच्या लागवडीला थंडी कमी लागली आहे, हे वह्यांमध्ये कधी शेजारी-शेजारी आलंच नव्हतं.” पुढच्या कांदेबागेची तारीख आम्ही त्यावरून ठरवली आहे. माझ्यासाठी या सगळ्या खटाटोपाची किंमत त्या एका तक्त्यात वसूल झाली.

कीपचं काय आठवतं? फोटोतला मजकूर शोधणं. माती परीक्षणाचा अहवाल किंवा खताचं बिल यांचा फोटो काढून ठेवला की कीप त्यातले शब्द शोधून देतं. ऑब्सिडियनच्या मूळ शोधात ते नाही, त्यासाठी वेगळं प्लगइन लागतं. मी प्रत्येक फोटोखाली एक ओळ हाताने लिहिते: कुठली बाग, सामू किती, पालाश किती. वेळ जातो, पण अहवाल नुसता साठवण्याऐवजी वाचला जातो. आणि बांधावर उभं राहून, हाताला केळीचा चीक लागलेला असताना पटकन बोलून नोंद करायला कीपच्या विजेटची बरोबरी नाही. म्हणून तेवढ्यासाठी ते ठेवलं आहे. रविवारी त्या चिठ्ठ्या ऑब्सिडियनमध्ये उतरवते आणि तिकडून काढून टाकते.

फोन आणि लॅपटॉप जुळवायला ऑब्सिडियनची स्वतःची सिंक सेवा पैसे देऊन मिळते. मी सिंकथिंग वापरते, ते फुकट आहे आणि घरच्या वायफायवर थेट एका यंत्रातून दुसऱ्यात फाईली पोचवतं. त्याचं मूळ अँड्रॉइड अ‍ॅप डिसेंबर २०२४ नंतर थांबलं, आता इतरांनी पुढे चालवलेली आवृत्ती घ्यावी लागते. दोन्हीकडे एकच नोंद एकाच वेळी बदलली तर सिंकथिंग फाईलीच्या नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ असा इंग्रजी शब्द घालून वेगळी प्रत ठेवतं. महिन्यातून एकदा तो शब्द शोधा, त्या प्रती जुळवा. आणि सिंक म्हणजे बॅकअप नाही, एकीकडे पुसलं की दुसरीकडेही पुसलं जातं. सगळं फोल्डर पेनड्राइव्हवर वेगळं घेत जा. नुसता मजकूर किरकोळ जागा घेतो, जागा खातात ते करप्याच्या पानांचे फोटो, तेव्हा ते आधी लहान करून घ्या.