नोड-रेडवर हौदाची पातळी: सगळं झकास, एक ‘रेंज’ नोड सोडून

गेल्या उन्हाळ्यापासून रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर नोड-रेड चालवतोय, म्हणजे ‘नोड’ नावाचे ठोकळे स्क्रीनवर एकमेकांना जोडून प्रोग्राम (‘फ्लो’) बनवायचं सॉफ्टवेअर. काम एकच, हौदात पाणी किती उरलंय ते मोबाईलवर दाखवायचं. जुळे सोलापुरात आमच्या भागात पाणी चार-पाच दिवसांआड सुटतं, त्यामुळे झाकण उचलून डोकावणं हा घरातला रोजचा कार्यक्रम होता. तो बंद झाला म्हणून इतके महिने मी दिसेल त्याला याचं कौतुक सांगत होतो. मागच्या आठवड्यात टँकरचे पैसे फुकट गेले आणि सूर बदलला.

सेन्सर भंगारातून घेतलेला, पाण्यात सोडायचा, ४-२० मिलिअँपचा, ५ मीटर रेंजचा; म्हणजे पाणी नसताना ४ मिलिअँप करंट, ५ मीटर पाण्याला २०. पायला अ‍ॅनलॉग पिन नाही, म्हणून मध्ये एमसीपी३००८, व्होल्टचा ० ते १०२३ असा आकडा करणारी १० बिटची चिप. १५० ओहमचा रेझिस्टर लावला की ४ मिलिअँपला ०.६ व्होल्ट मिळतात. ३.३ व्होल्ट रेफरन्सवर हौद रिकामा असताना १८६ येतात आणि आमचा दोन मीटरचा हौद काठोकाठ भरला की ४८४. पुढे सरासरी काढणारा स्मूथ नोड, मग आकड्याचे टक्के करणारा रेंज नोड, मग मोबाईलवर काटा दाखवणारा गेज. भाच्याने बसल्या बैठकीला जोडून दिलं, कोडची एक ओळ न लिहिता.

आता टँकरचं. उंदराने सेन्सरची वायर कुरतडली. करंट शून्य, आकडा शून्य. इथपर्यंत ठीक, वायर तुटली की हे कळावं म्हणून तर मोजणी शून्याऐवजी ४ मिलिअँपपासून सुरू होते! पण रेंज नोडमध्ये ‘स्केल अँड लिमिट’ निवडलेलं होतं, म्हणजे उत्तर ० ते १०० च्या बाहेर जाऊच द्यायचं नाही. म्हणजे वजा ६२ टक्के यायला हवे होते तिथे गेजने शांतपणे ० टक्के दाखवले. त्यात स्मूथ नोड मिनिटाला एक अशा तीस रीडिंगची सरासरी काढत होता, त्यामुळे काटा एकदम न पडता पाव तासात सावकाश खाली आला. बघणाऱ्याला वाटणार हौद गळतोय. बायकोने टँकर मागवला. झाकण उघडलं तर हौद अर्धा भरलेला. आलेला टँकर काय रिकाम्या हाताने परत जातो होय!

भाच्याला फोन केला तर म्हणतो, “मामा, वजा आकडा गेजवर बरा दिसत नाही ना, म्हणून लिमिट केलं.” बरा दिसत नाही म्हणे. नुसतं ‘स्केल’ ठेवलं असतं तर त्या वजा आकड्यानेच टँकर वाचवला असता. नोड-रेडवाल्यांनी त्या पर्यायापाशी एक इशारा द्यायला काय हरकत होती? इनपुट रेंजच्या बाहेर गेलंय हे लपवणं म्हणजे मोजणं नव्हे.

रागाच्या भरात सगळं काढून साधा फ्लोट स्विच लावणार होतो. पण दुरुस्ती करताना मत थोडं निवळलं. एमसीपी नोडला, येणारे आकडे जसेच्या तसे दाखवणारा डिबग नोड जोडला, डिप्लॉय केलं, बाजूच्या पट्टीत ओळीने शून्य दिसले. मल्टिमीटर न उचलता दोष सापडला. मग लगेच पुढे अट तपासणारा स्विच नोड टाकला: १६७ च्या खाली गेलं की टेलिग्रामवर ‘वायर बघा’. १६७ म्हणजे साधारण ३.६ मिलिअँप, ४-२० मिलिअँप सेन्सरसाठीच्या नामुर एनई ४३ या शिफारशीत बिघाडाची खालची हद्द हीच आहे. स्मूथ नोड त्याच्यानंतर. हा क्रम उलटा केलात तर इशारा उशिरा येईल.

बाकी किरकोळ. नोड-रेडच्या एडिटरला (जिथे नोड जोडतात ते पान) मुळात पासवर्ड नसतो, तो आधी लावा; वायफायवरचा कुणीही १८८० पोर्टवर येऊन फ्लो बदलू शकतो. मोटर सुरू होताना आकडा दोन-तीनने उडतो, पण एका आकड्याला पाऊण सेंटीमीटरही पाणी नाही, तेव्हा कोण विचारतो.

आणि हो, भाच्याने ‘अचूक येईल’ म्हणून एमसीपीच्या जागी १६ बिटचा एडीएस१११५ मागवायला लावला होता. हौदाला १० बिट रग्गड झाले. मॉड्यूल अजून पाकिटात आहे, सोलापुरात कुणाला हवं असेल तर अर्ध्या किमतीत देतो.