घटस्फोटाच्या दाव्यात वकिलाची फी परवडेनाशी झाली, तर: ठाणे आणि नवी मुंबईतील पक्षकारांसाठी पर्यायांची तुलना

घटस्फोटाचा दावा दाखल करताना ठरलेली फी आणि दोन-तीन वर्षांनी प्रत्यक्षात खर्च झालेली रक्कम यांचा मेळ क्वचितच बसतो. तारखेगणिक द्यावे लागणारे पैसे, टायपिंग, नोटरी, नकला आणि कोर्ट नाक्यावर घालवलेल्या प्रत्येक दिवसाचा बुडालेला पगार यांची बेरीज मूळ फीपेक्षा मोठी होते. अशा वेळी बहुतेक पक्षकार ‘सर्वांत स्वस्त काय पडेल’ असा प्रश्न विचारतात. माझ्या मते, आपल्या दाव्यात नेमके कोणते काम शिल्लक आहे, हे आधी पाहिले पाहिजे. न्यायालयांच्या ‘ई-कोर्ट्स’ ॲपवर दाव्याचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक दाव्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) घातला की दाव्याचा टप्पा आणि मागील तारखांना काय घडले ते घरबसल्या दिसते. केवळ कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) द्यायची आहे, अंतरिम पोटगीचा अर्ज प्रलंबित आहे, उलटतपास तोंडावर आला आहे, की दोन्ही बाजू समझोत्याच्या जवळ आल्या आहेत, यावर पुढील प्रत्येक पर्यायाची किंमत बदलते.

पहिला पर्याय आहे त्याच वकिलांशी नव्याने बोलण्याचा. संकोचामुळे तो सर्वांत कमी वापरला जातो. दाव्याची माहिती ज्यांच्या डोक्यात आहे त्यांना बदलणे महागात पडू शकते. म्हणून तारखेनुसार फी न देता टप्प्यानुसार द्यावी, म्हणजे पुराव्याचे प्रतिज्ञापत्र, उलटतपास आणि युक्तिवाद यांची रक्कम आधीच ठरवून कागदावर घ्यावी आणि प्रत्येक रकमेची पावती मागावी, हे सुचवून पाहण्यासारखे आहे. ‘पोटगी मिळाली की त्यातला अमुक हिस्सा द्या’ असा प्रस्ताव मात्र कोणाकडूनही स्वीकारू नये, कारण निकालावर अवलंबून असलेली फी ठरवण्यास भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांत मनाई आहे. त्याच नियमांनुसार वकिलांना पुरेसे कारण आणि वाजवी पूर्वसूचना यांशिवाय मध्येच अंग काढून घेता येत नाही.

दुसरा पर्याय मोफत विधी सहाय्याचा. त्याविषयीचे गैरसमज इतके आहेत की येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असले तरी हे सहाय्य मिळू शकते. ऐरोलीत महिना साठ हजार रुपये कमावणारी स्त्रीसुद्धा अर्ज करू शकते आणि त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. या वर्गांत न बसणाऱ्या पुरुषाला उत्पन्नाची मर्यादा लागते. महाराष्ट्रात ती वर्षाला ३ लाख रुपये, म्हणजे सरासरी महिना २५ हजार रुपये आहे. चालू दाव्यातही अर्ज करता येतो. वकिलाच्या फीबरोबर कोर्ट फी, मसुदा तयार करणे आणि प्रमाणित नकला यांचा खर्चही या सहाय्यात बसतो. स्त्रियांना घटस्फोट व पोटगीच्या दाव्यांत कोर्ट फी राज्यात १९९४ पासून तशीही माफ आहे, ही गोष्ट अनेकींना पैसे भरल्यानंतरच कळते.

अर्ज कोठे करायचा, याबाबत नवी मुंबईत गोंधळ होतो. वाशी, नेरूळ, बेलापूर हा भाग ठाणे जिल्ह्यात येतो, तर खारघर, कामोठे, कळंबोली आणि पनवेल रायगड जिल्ह्यात येतात. त्यामुळे पत्ता ‘नवी मुंबई’ असला तरी आपला दावा कोणत्या जिल्ह्यातील न्यायालयात आहे हे पाहून तेथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे जावे. १५१०० या राष्ट्रीय मदत क्रमांकावरही विचारणा करता येते. नेमलेल्या वकिलांकडे कामाचा भार असतो, त्यामुळे तारखेपूर्वी भेट मागण्याची जबाबदारी पक्षकाराने स्वतःकडे घ्यावी; काम समाधानकारक नसेल, तर वकील बदलून मिळावा असा अर्ज प्राधिकरणाकडे करता येतो.

तिसरा पर्याय कमी फी घेणाऱ्या दुसऱ्या वकिलांकडे जाण्याचा. नव्या वकिलांना जुन्या वकिलांची ना हरकत लागते, आणि ती मिळाली नाही तर कारणे देऊन न्यायालयाची परवानगी मागता येते. फी थकली म्हणून फाइल अडवून ठेवण्याचा अधिकार वकिलांना नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना प्रकरणात २००० साली स्पष्ट केले आहे. थकबाकी वसूल करण्याचा त्यांचा मार्ग वेगळा आहे. तरीही उलटतपासाच्या आदल्या आठवड्यात केलेला बदल सहसा फायद्याचा ठरत नाही, कारण नव्या वकिलांना संपूर्ण फाइल वाचण्याचे पैसे आणि वेळ दोन्ही द्यावे लागतात.

चौथा मार्ग खर्च जोडीदाराकडून मागण्याचा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली, स्वतःचे पुरेसे उत्पन्न नसेल तर, दाव्याचा खर्च आणि अंतरिम पोटगी मागता येते. हा अधिकार पती आणि पत्नी दोघांनाही आहे. विशेष विवाह कायद्याच्या कलम ३६ मध्ये तो फक्त पत्नीला आहे. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत अर्ज निकाली काढावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्या मुदतीवर विसंबून घरखर्च आखू नये. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर दोन्ही पक्षांना मालमत्ता आणि उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, त्यामुळे स्वतःची बँक विवरणपत्रे आधी नीट लावून ठेवावीत. हा अर्ज चालवायलाही वकील लागतो, म्हणून विधी सहाय्य घेऊन त्यातूनच हा अर्ज करणे मला सर्वांत व्यवहार्य वाटते.

दावा स्वतः चालवणे हा पाचवा पर्याय. कुटुंब न्यायालय अधिनियमाच्या कलम १३ मुळे तेथे वकील हा पक्षकाराचा हक्क मानलेला नाही, त्यामुळे स्वतः उभे राहणाऱ्याकडे कोणी आश्चर्याने पाहत नाही. समुपदेशकाकडील बैठका, मुलांच्या भेटीचा साधा अर्ज, पुढची तारीख मागणे ही कामे सावध माणूस स्वतः करू शकतो. उलटतपास मात्र स्वतः करू नये. ज्या व्यक्तीबरोबर दहा वर्षे संसार केला तिलाच पिंजऱ्यात शांतपणे नेमके प्रश्न विचारणे, हे सराईत वकिलालाही स्वतःच्या बाबतीत जमणार नाही.

राहिला परस्पर संमतीचा मार्ग. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब खाली किमान एक वर्ष वेगळे राहिलेले पती-पत्नी संयुक्त अर्ज करू शकतात, आणि सहा महिन्यांची प्रतीक्षा माफ करण्याचा अधिकार २०१७ च्या अमरदीप सिंग निकालाने न्यायालयांना दिला आहे. खर्चाच्या दृष्टीने हा मार्ग निःसंशय हलका आहे. पण पैसे संपले म्हणून घाईने केलेल्या समझोत्यात कायमस्वरूपी पोटगी आणि स्त्रीधन सोडून दिले जाते, आणि एकदा सही झाली की ते परत मागणे अत्यंत अवघड होते. मसुद्यावर सही करण्यापूर्वी तो किमान एकदा स्वतंत्र वकिलाकडून, हवे तर विधी सहाय्यातून, वाचून घ्यावा.

उलटतपास आणि पुरावा शिल्लक असलेल्या स्त्रीने आधी विधी सहाय्य आणि त्यातून कलम २४ हा क्रम धरावा. उत्पन्नाच्या मर्यादेबाहेर असलेल्या पुरुषाने आधी आपल्याच वकिलांशी टप्प्यानुसार फी ठरवून पाहावी. आणि जेथे दोन्ही घरांत बोलणे अजून शक्य आहे, तेथे न्यायालयाकडे मध्यस्थीची विनंती करावी. यांपैकी काहीही ठरत नसेल, तरी पुढची तारीख चुकवू नये. गैरहजेरीत अर्जदाराचा दावा काढून टाकला जाऊ शकतो आणि जाब देणाऱ्याविरुद्ध एकतर्फी निकाल होऊ शकतो. त्या दिवशी स्वतः हजर राहून, ‘वकिलांची व्यवस्था करीत आहे, मुदत मिळावी’ असा एका पानाचा मराठी अर्ज द्यावा आणि विधी सहाय्यासाठी अर्ज केला असल्यास त्याची पोच त्याला जोडावी.