बार्बाडोस की जमैका : मधुचंद्राची कागदपत्रे आणि बेटावरचे फिरणे

कॅरिबियन समुद्रातील एखाद्या बेटावर मधुचंद्राला जायचे ठरवणाऱ्या जोडप्याचा पहिला प्रश्न बहुधा त्या बेटाच्या व्हिसाचा असतो, आणि भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांसाठी नेमका तोच सर्वांत सोपा आहे. पर्यटनासाठी बार्बाडोसमध्ये ९० दिवसांपर्यंत आणि जमैकात ३० दिवसांपर्यंत भारतीयांना व्हिसा लागत नाही. परतीचे तिकीट, राहण्याच्या जागेचे आरक्षण आणि पुरेशी मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट (सहा महिने असावेत, म्हणजे वाद उरत नाही) एवढे दाखवले की दोन्हीकडे प्रवेश मिळतो, आणि आगमनाचा अर्ज निघण्यापूर्वी ऑनलाइन भरता येतो. खरी अडचण वाटेत आहे. मुंबईहून या बेटांना थेट विमान नाही, त्यामुळे ज्या देशात विमान बदलायचे त्या देशाचे नियम आपल्याला लागू होतात, आणि ते बेटांच्या नियमांपेक्षा कितीतरी कडक आहेत. म्हणून आधी वाट ठरवावी, मग बेट, आणि बेट ठरवताना आपण तिथे रोज बाहेर पडणार आहोत की हॉटेलच्या किनाऱ्यावरच राहणार आहोत याचा विचार करावा, या क्रमाने पुढची तुलना केली आहे.

वाटेतले व्हिसा

लंडनमार्गे जाणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे, कारण तिथून दोन्ही बेटांना थेट विमाने आहेत. मात्र ब्रिटनमध्ये विमानतळाबाहेर पाऊल न टाकता केवळ विमान बदलणाऱ्या भारतीयालाही ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा वैध व्हिसा पासपोर्टवर असेल तर यातून सूट मिळू शकते. दुसरी गोष्ट तिकीट काढताना सहज नजरेतून सुटते. कॅरिबियनकडे जाणारी काही विमाने हीथ्रोहून, तर काही गॅटविकहून सुटतात. मुंबईचे विमान हीथ्रोला उतरले आणि पुढचे गॅटविकहून असले, तर ब्रिटनच्या इमिग्रेशनमधून बाहेर पडून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या विमानतळावर जावे लागते, आणि त्यासाठी विमानतळाच्या आतच राहणाऱ्यांचा ट्रान्झिट व्हिसा चालत नाही. दोन वेगवेगळी तिकिटे काढून पैसे वाचवणाऱ्यांनाही हाच धोका असतो, कारण सामान पुढच्या विमानात परस्पर जात नाही आणि ते उचलायला बाहेर यावे लागते. अशा जोडप्याने ब्रिटनचा नेहमीचा सहा महिन्यांचा पर्यटक व्हिसाच काढावा, असे माझे मत आहे. खर्च अधिक होतो, पण परतताना दोन दिवस लंडन पाहता येते.

अमेरिकेमार्गे जायचे तर तिथे व्हिसाशिवाय विमान बदलण्याची सोयच नाही. दोन तास थांबायचे असले तरी प्रवासी देशात शिरला असेच मानले जाते, आणि सी-१ हा ट्रान्झिट व्हिसा किंवा बी-१/बी-२ हा पर्यटक व्हिसा हातात असावा लागतो. भारतात या व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायला लागणारा वेळ पाहता, लग्नाची तारीख ठरल्यावर हा व्हिसा काढायला निघणे व्यवहार्य नाही. तो आधीपासून असेल तर मात्र सर्वांत लवचीक वाट हीच आहे, कारण मायामीहून दोन्ही बेटांना विमाने आहेत आणि जमैका तर तिथून दोन तासांच्या आत येते. युरोपातील इतर विमानतळांचे नियम देशागणिक वेगळे आहेत आणि अधूनमधून बदलतात, म्हणून तिकिटाचे पैसे भरण्यापूर्वी संबंधित दूतावासाच्या संकेतस्थळावर ते वाचून घ्यावेत. तिकीट विकणाऱ्या एजंटच्या शब्दावर विसंबू नये.

नावाचा प्रश्न

आपल्याकडे लग्नानंतर मुलीचे आडनावच नव्हे, तर वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचे नाव येते, आणि काही घरांत पहिले नावही बदलण्याची रीत अजून आहे. हौसेने नव्या नावाने तिकीट काढले आणि पासपोर्ट माहेरच्या नावाचा राहिला, तर चेक-इनच्या काउंटरवरच प्रवास थांबू शकतो. तिकीट, व्हिसाचे अर्ज, हॉटेल आणि विमा या सर्वांवर पासपोर्टवर छापलेले नाव जसेच्या तसे असावे. बऱ्याच मराठी पासपोर्टांवर वडिलांचे नाव पहिल्या नावाला जोडून छापलेले असते, तेही गाळू नये. पासपोर्टवरचे नाव बदलायचेच असेल तर ते परतल्यावर करावे. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र या बेटांवर प्रवेशासाठी सहसा मागत नाहीत, पण दोघांची आडनावे वेगळी असताना त्याची एक प्रत सोबत असलेली बरी.

त्रिनिदादचा मोह आणि पीतज्वराची लस

भारतीय वंशाच्या लोकांची मोठी वस्ती, ओळखीचे खाणे आणि ९० दिवसांचा व्हिसामुक्त प्रवेश यांमुळे अनेक भारतीय जोडपी त्रिनिदाद आणि टोबॅगोचाही विचार करतात. तिथे एक वेगळे कागदपत्र लागते, आणि तेही जाताना नव्हे, परत येताना. त्रिनिदाद हे पीतज्वराचा धोका असलेल्या प्रदेशांच्या यादीत आहे, टोबॅगो नाही. अशा प्रदेशातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्या प्रवाशाकडे लसीकरणाचे पिवळे प्रमाणपत्र नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते, आणि भारतीय विमानतळांवर या नियमाची अंमलबजावणी कडक असते. टोबॅगोला जाणाऱ्यांचा प्रवासही बहुधा त्रिनिदादवरूनच होतो. हे प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात आणि पुढे ते आयुष्यभर चालते. लस केवळ शासनमान्य केंद्रांवरच मिळते, म्हणून लग्नाच्या आदल्या आठवड्यासाठी हे काम ठेवू नये. ही जिवंत विषाणूची लस असल्याने अंड्याची तीव्र ॲलर्जी असणाऱ्यांनी, तसेच गर्भधारणेची शक्यता असल्यास, आधी डॉक्टरांना विचारावे. बार्बाडोस आणि जमैका ही दोन्ही बेटे त्या यादीत नाहीत, परंतु त्रिनिदादमार्गे तिथे पोहोचलात तर तेही हेच प्रमाणपत्र मागू शकतात. एवढी खटपट एका आठवड्याच्या सहलीसाठी करावी असे मला वाटत नाही, म्हणून पुढची तुलना दोनच बेटांची आहे.

बेटावर फिरताना

दोन्ही ठिकाणी वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात आणि व्यवहार इंग्रजीत होतो. साम्य बहुतेक तिथेच संपते. बार्बाडोसचे क्षेत्रफळ सुमारे ४३० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे मुंबई महापालिकेच्या हद्दीपेक्षा किंचित कमी, तर जमैका जवळपास ११,००० चौरस किलोमीटर, सातारा जिल्ह्याहून थोडे मोठे आहे. बार्बाडोसमध्ये कुठेही राहिलात तरी संपूर्ण बेट आवाक्यात असते. जमैकात मात्र कुठे राहायचे हे ठरवले की काय पाहायचे हेही बरेचसे ठरून जाते.

बार्बाडोसची बससेवा ही मधुचंद्राच्या जाहिरातींत कधी न दिसणारी, पण त्या बेटाची सर्वांत मोठी सोय आहे. निळ्या रंगाच्या सरकारी बस, पिवळ्या खाजगी मिनीबस आणि 'झेडआर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पांढऱ्या व्हॅन अशी तीन प्रकारची वाहने ठरलेल्या मार्गांवर धावतात, आणि २०१९ पासून तिकीट अंतर कितीही असले तरी साडेतीन बार्बाडोस डॉलर आहे. तिथला डॉलर अमेरिकेच्या डॉलरशी दोनास एक या दराने बांधलेला असल्याने हिशेब सोपा जातो. सरकारी बसमध्ये सुटे पैसे परत मिळत नाहीत, व्हॅनमध्ये मिळतात, पण तिथे मोठ्या आवाजातले गाणे आणि मांडीला मांडी लावून बसण्याची तयारी हवी. थांब्याच्या खांबावर गावाचे नाव नसते. 'शहराकडे' किंवा 'शहराबाहेर' या अर्थाची इंग्रजी पाटी असते, आणि शहर म्हणजे ब्रिजटाउन एवढे लक्षात ठेवले की पुरे. दक्षिण किनाऱ्यावरील सेंट लॉरेन्स गॅप किंवा ऑइस्टिन्स आणि पश्चिमेकडील होलटाउन किंवा स्पाइट्सटाउन या भागांत राहणाऱ्यांना दिवसा गाडीची गरज भासत नाही. पूर्व किनाऱ्यावरील बाथशेबा किंवा मध्यभागातील हॅरिसन्स केव्ह पाहायचे असेल तर एक-दोन दिवसांसाठी गाडी घ्यावी.

गाडी घेताना केवळ आपला वाहन परवाना पुरत नाही. अभ्यागतांसाठीचे स्थानिक परमिट काढावे लागते, जे गाडी देणारी कंपनीच थोड्या शुल्कात देते. भाड्याच्या गाडीच्या नंबरप्लेटवर 'एच' हे अक्षर असल्याने पाहुणा लगेच ओळखू येतो, आणि वळणावर अडखळणाऱ्या अशा चालकाला स्थानिक लोक बहुधा सांभाळून घेतात. मुख्य महामार्ग सोडला की रस्ते अरुंद आहेत, आणि ऊस उभा असताना पुढचे वळण दिसत नाही, हे उसाच्या पट्ट्यातून गाडी चालवलेल्यांना वेगळे सांगायला नको. टॅक्सीला मीटर नसतो, त्यामुळे बसण्यापूर्वीच भाडे विचारावे आणि ते कोणत्या डॉलरमध्ये सांगितले हेही विचारावे, कारण फरक दुपटीचा आहे.

जमैकात बहुतेक प्रवासी माँटेगो बेच्या विमानतळावर उतरतात. तिथून पश्चिमेला निग्रिल सुमारे ८० किलोमीटर आणि पूर्वेला ओचो रिओस सुमारे १०० किलोमीटर आहे. हॉटेलकडून गाडी येते, आणि अनेक जोडपी जेवणखाण समाविष्ट असलेल्या रिसॉर्टमध्ये थेट पोहोचून तिथेच राहतात. तसे राहायचे असेल तर जमैकाच्या वाहतुकीची चिंता करण्याचे कारणच नाही. बाहेर पडायचे असेल तर शहरांना जोडणारी नट्सफर्ड एक्सप्रेस ही वातानुकूलित बससेवा वेळापत्रकाने चालते आणि तिचे आरक्षण आधी करता येते. लाल नंबरप्लेटच्या सामायिक टॅक्सी स्वस्त आहेत, पण सामान घेऊन त्यांत चढणे नवख्यांना जमणार नाही. लाल प्लेट नसलेल्या खाजगी गाडीत तर भाडे देऊन बसूच नये. स्वतः गाडी चालवण्याचा विचार मी जमैकात करणार नाही. किंग्स्टन ते ओचो रिओस हा टोल महामार्ग उत्तम आहे, परंतु आतल्या रस्त्यांवरचे खड्डे, आंधळ्या वळणांवरचे ओव्हरटेकिंग आणि रात्री सुरक्षिततेचा प्रश्न असलेल्या काही वस्त्या पाहता, एक दिवसासाठी चालकासह गाडी ठरवणे अधिक शहाणपणाचे आहे. निसर्गाच्या बाबतीत मात्र जमैका निर्विवाद पुढे आहे. २,२५६ मीटर उंचीचे ब्लू माउंटन शिखर, नद्या आणि धबधबे यांना तोड देईल असे सपाट बार्बाडोसमध्ये काही नाही.

गाडी चालवणार असाल तर दोन्हीकडे आरटीओकडून मिळणारा, एक वर्ष चालणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना सोबत असावा, आणि अनामत रकमेसाठी चालकाच्याच नावाचे क्रेडिट कार्ड असावे. बॅग भरताना आणखी एक गोष्ट पाहावी : लष्करी गणवेशासारख्या छापाचे कपडे बार्बाडोस आणि जमैका या दोन्ही देशांत नागरिकांना कायद्याने वर्ज्य आहेत, आणि मधुचंद्रासाठी हौसेने घेतलेली तशी कार्गो पँट घरीच राहिलेली बरी.

तारखांचे गणितही दोन बेटांसाठी सारखे नाही. चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो. तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांवर विवाह झालेल्यांना डिसेंबर ते एप्रिलचा कोरडा, पण महाग काळ मिळतो, तर मे अखेरच्या लग्नानंतर जाणारे हंगामाच्या उंबरठ्यावर पोहोचतात. बार्बाडोस द्वीपमालेच्या बरेच पूर्वेला असल्याने वादळे तिथून अनेकदा बाजूने जातात. जमैकाच्या पश्चिम भागाचे मात्र ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस मेलिसा चक्रीवादळाने अतोनात नुकसान केले, त्यामुळे तिथले हॉटेल ठरवताना ते पूर्ण क्षमतेने सुरू झाले आहे का, हे थेट हॉटेललाच विचारावे.

भारतातून जाणाऱ्या आणि रोज भटकू इच्छिणाऱ्या जोडप्याला मी बार्बाडोस सुचवेन. एका जागी निवांत राहून दोन-तीन सहली करणाऱ्यांना जमैका.

अमेरिकेत नोकरी करणाऱ्यांसाठी

न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये एच-१बी वर असलेल्या मराठी जोडप्याचे गणित पूर्णपणे वेगळे आहे. पासपोर्टवरील व्हिसाची मुदत संपली असली तरी वैध आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची आणि मुक्कामाच्या मुदतीची नोंद) च्या आधारे कॅनडा किंवा मेक्सिकोला ३० दिवसांपर्यंत जाऊन परत येण्याची सवलत अमेरिकेत आहे, पण कॅरिबियन बेटांसाठी ती केवळ एफ आणि जे व्हिसाधारक विद्यार्थी-अभ्यासकांना मिळते. मुदत संपलेल्या एच-१बी वर बार्बाडोसला गेलेला माणूस नवा व्हिसा घेतल्याशिवाय परतू शकत नाही. अशांसाठी प्वेर्तो रिको हा सर्वांत सोपा पर्याय आहे, कारण तो अमेरिकेचाच प्रदेश असल्याने विमान देशांतर्गत असते, आणि परतताना सामानाची कृषी तपासणी वगळता वेगळा सोपस्कार नसतो. यूएस व्हर्जिन आयलंड्सही अमेरिकेचेच आहेत, परंतु तिथून मुख्य भूमीकडे निघताना इमिग्रेशन अधिकारी कागद पाहतात, म्हणून पासपोर्ट आणि आय-७९७ (एच-१बी मंजूर झाल्याची सूचना) सोबत ठेवावे. तिथे वाहने डाव्या बाजूने चालतात आणि गाड्यांचे स्टिअरिंगही डावीकडेच असते. त्यामुळे ओव्हरटेक करताना समोरचा रस्ता शेजारी बसलेल्यालाच आधी दिसतो, आणि त्याने तो सांगावा लागतो.