दाखल न होता व्यसनमुक्ती : एका केंद्राचा अनुभव
अफूजन्य वेदनाशामकांच्या व्यसनासाठी माझ्या धाकट्या भावाने जेथे बाह्यरुग्ण म्हणून उपचार घेतले, तेथील डॉक्टरांनी पहिल्या गोळीची अजिबात घाई केली नाही. कारण शरीरात आधीचे औषध शिल्लक असताना ब्युप्रेनॉर्फिन (तलफ शमवणारे, पण स्वतःही अफूजन्य औषधांच्याच गटातले औषध) दिल्यास व्यसन सुटतानाचा त्रास एकाएकी उफाळून येतो. अंगावरचा काटा, वाहते नाक आणि विस्फारलेल्या बाहुल्या पाहिल्यावरच त्यांनी ती जिभेखाली ठेवायला दिली, आणि ती पूर्ण विरघळेपर्यंत परिचारिका शेजारी बसून राहिल्या. तासाभरात त्याचे थरथरणारे हात शांत झालेले मी स्वतः पाहिले. दारू सोडण्यासाठी येणाऱ्यांना तेथे नाल्ट्रेक्सोन या दारूची ओढ कमी करणाऱ्या औषधाची 50 मिलिग्रॅमची गोळी रोज देतात. ब्युप्रेनॉर्फिन देऊन एका व्यसनाच्या जागी दुसरे आणले, हा नातेवाइकांचा आक्षेप मला मुळीच पटत नाही. समुपदेशनाची वेळ मात्र फारच अपुरी आहे. 15 मिनिटांत माणूस बोलता होत नाही.