सुट्टीसाठी काय निवडावं: चांदण्यांचा तक्ता की एका विषयाचा आठवडा?

आमच्या घरी दोन्ही करून झालंय. आधीच्या सुट्टीत भिंतीवर चांदण्यांचा तक्ता होता: वीस पानं वाचली की एक चांदणी, हाताने एखादी वस्तू केली की एक, बाहेर कुठे जाऊन आलो की दोन. त्यानंतरच्या सुट्टीत तक्ता काढून टाकला आणि दर आठवड्याला एकच विषय धरला. वाचन त्याच विषयाचं, हस्तकला त्यातूनच सुचलेली आणि फेरफटकाही त्याच्याच मागावर. तक्त्याच्या वर्षी मुलगी नऊ वर्षांची होती आणि मुलगा पाच. वय आधीच सांगितलं, कारण निम्मा निर्णय वयावरच ठरतो असं मला वाटतं.

तक्त्याच्या बाजूने बोलायचं तर पहिले दहा दिवस घरात इतकी शिस्त मी कधी पाहिली नव्हती. सकाळी उठल्याउठल्या पुस्तक हातात. मोठ्यांना तयारी जवळजवळ शून्य. एक कार्डशीट, पट्टी, चांदण्यांचं पाकीट, संपलं. दोघंही नोकरी करत असाल आणि दिवसभर मुलं आजीआजोबांकडे असतील, तर तक्ता फार सोयीचा, कारण काय करायचं ते भिंतीवर लिहिलेलं असतं आणि कोणीही ते पुढे नेऊ शकतं. विषयाच्या आठवड्याचं तसं नाही. त्याला रविवारी संध्याकाळी तासभर बसून पुस्तकं शोधावी लागतात आणि मुलांच्या प्रश्नांना उत्तर द्यायला कोणीतरी मोठं माणूस हाताशी लागतं.

मग तक्ता का उतरवला? बाकीच्या कुरबुरी चालवून घेतल्या असत्या. मुलगी बारीक पुस्तकं निवडायला लागली होती, धड्याच्या शेवटचं अर्धं कोरं पान धरायचं की नाही यावर वाद घालायची. कागदाचा पंखा चार मिनिटांत घडायचा आणि चांदणी चिकटली की त्याच्याकडे कोणी बघायचं नाही. हे सगळं होतच असतं.

मला खुपलं ते वेगळंच. धाकट्याचं एक लाडकं चित्रांचं पुस्तक होतं. त्यातली वाक्यं त्याला पाठ होती, तरी रोज रात्री तेच हवं असायचं. एके रात्री तो ते घेऊन माझ्याकडे येत होता, तेवढ्यात ताई म्हणाली, "ते नको घेऊस, त्याची चांदणी तुला मिळून गेलीय." तो थांबला, पुस्तकाकडे पाहिलं आणि परत फडताळात ठेवून दुसरं घेऊन आला. दुसरं पुस्तक वाईट नव्हतं. पण मी वाचत असताना त्याचं लक्ष नव्हतं, आणि मलाही वाचवत नव्हतं. एकदा चांदणी मिळालेलं पुस्तक पुन्हा मोजायचं नाही हा नियम मीच केला होता, ताईने तो फक्त बरोबर सांगितला होता. लहान मुलं तेच पुस्तक पुन्हा पुन्हा मागतात तेव्हा शब्द त्यांच्या तोंडात बसत असतात, पुढे काय येणार हे माहीत असल्याचा आनंद ती घेत असतात. माझ्या तक्त्याने नेमकी त्याच वाचनाची किंमत शून्य केली होती. पुढच्या आठवड्यात त्याने ते पुस्तक एकदाही मागितलं नाही. तिथे माझं ठरलं.

नंतर कळलं की याच्या जवळ जाणारा एक जुना, प्रसिद्ध प्रयोग आहे. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची मुळातच आवड असलेली बालवाडीतली मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना ते अचानक दिलं, काहींना काहीच दिलं नाही. एकदोन आठवड्यांनी मुलांना मोकळं सोडलं, तेव्हा बक्षिसाचं आधी कबूल केलेली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत बसली. पण ही मुळात आवड असलेल्या मुलांची गोष्ट आहे. ज्याला वाचनाचा कंटाळाच आहे किंवा जो नुकताच अक्षरं जुळवायला शिकलाय, त्याच्यासाठी चांदणी हा चांगला धक्का ठरू शकतो. अशा मुलाच्या आईबाबांना मी तक्ता लावू नका असं म्हणणार नाही.

सुट्टीत अभ्यास मागे पडेल या धास्तीने बरेच जण तक्त्याकडे वळतात. धास्ती अगदीच खोटी नाही. हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी १९९६ मध्ये या विषयावरचे ३९ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सुट्टीनंतरच्या गुणांत सरासरी साधारण एका महिन्याच्या शिक्षणाइतकी पीछेहाट दिसली. पण ती वाचनापेक्षा गणितात जास्त होती. तेव्हा निदान वाचनाची पानं मोजत बसण्याइतकं घाबरायला नको, असं आपलं माझं मत.

आता विषयाचा आठवडा. आमचा सगळ्यात रंगलेला विषय होता सावली. सुरुवात वाचनाने झाली: एराटोस्थेनीसची गोष्ट. सुमारे २२०० वर्षांपूर्वी हा माणूस इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख होता. तिथून दूर दक्षिणेकडच्या सायीन गावात वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो, विहिरीच्या तळापर्यंत ऊन पोहोचतं, हे त्याला ठाऊक होतं. त्याच वेळी अलेक्झांड्रियात मात्र उभ्या काठीची सावली पडत होती. त्या सावलीचा कोन वर्तुळाचा पन्नासावा भाग भरला, म्हणजे दोन गावांमधलं अंतर गुणिले पन्नास म्हणजे पृथ्वीचा घेर! मुलीने हे वाचलं आणि पुस्तक उघडंच टाकून काठी शोधायला गेली.

तिथून पुढे मला काही ठरवावं लागलं नाही. काठी रोवून दर तासाला सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचा, हा एक दिवस गेला. पुठ्ठ्याच्या बाहुल्या करून भिंतीवर सावल्यांचं नाटक, यात दोन संध्याकाळी. बुटांच्या खोक्याला सुईने भोक पाडून समोरच्या बाजूला बटर पेपर लावला, तेव्हा खिडकीबाहेरचं झाड उलटं दिसलं आणि धाकटा कितीतरी वेळ खोका सोडेना. बाहेर जायचं तर दाट झाडांची बाग निवडली, कारण पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असूनही खाली पडणारे उन्हाचे कवडसे गोल का असतात, हे बघायचं होतं. ते कवडसे म्हणजे सूर्याचीच प्रतिबिंबं असतात. खोक्याचं भोक जे करतं तेच झाडाच्या फटी करतात. हे जुळलं तेव्हा मुलगी धावत आईला सांगायला गेली. तक्त्याच्या वर्षी आम्ही बाहेर जास्त वेळा गेलो होतो, पण "आता चांदणी झाली ना, घरी जाऊ या" हे वाक्यही तेव्हाच ऐकलं होतं. कवडशांच्या बागेतून निघायला कोणी तयार नव्हतं.

याही पद्धतीचे तोटे आहेत. आकाशातले तारे हा विषय मी माझ्या आवडीने लादला आणि तो दोन दिवसांत बारगळला. आकाश ढगाळ होतं, मुलांना जागवत नव्हतं. तेव्हापासून विषय मुलंच निवडतात. दुसरं म्हणजे दोघांमधलं चार वर्षांचं अंतर सांभाळताना एकाच विषयाची दोन पातळ्यांवरची पुस्तकं मिळतीलच असं नाही. मग मोठ्याने वाचून दाखवावं लागतं आणि घसा बसतो. आणि पानं किती झाली विचाराल तर सांगता येणार नाही. कदाचित तक्त्याच्या वर्षी जास्त झाली असतील. पण विषयांच्या वर्षी वाचलेलं मुलं अजून आपणहून काढतात, यावर मी तरी समाधानी आहे.

दोन्ही एकत्र करून बघायचा मोह होईल. आम्ही एक आठवडा तसं केलं, आणि तिसऱ्याच दिवशी बाहुलीच्या सावलीला किती चांदण्या, हा वाद सुरू झाला. नोंद ठेवायचीच असेल तर साधी वही ठेवा. आमच्याकडे वहीत फक्त तारीख आणि काय केलं एवढंच असतं, आकडा नाही. त्या वहीत धाकट्याचं ते लाडकं पुस्तक सतरा वेळा आलंय.

करून बघणार असाल तर पहिला आठवडा सावलीचाच घ्या, सामान काहीच लागत नाही. काठी मात्र सकाळी लवकर रोवा. तेव्हा सावली लांब असते आणि तिचं टोक इतकं भराभर सरकतं की पाच वर्षांच्या मुलालाही खडा ठेवून झाल्यावर थोड्याच वेळात फरक दिसतो. आम्ही पहिल्यांदा दुपारी बारा वाजता सुरुवात केली होती, तेव्हा धाकटा कंटाळून आत निघून गेला होता.